स्वादुपिंडाचा वारसा आणि ‘शेवटचा उपाय’

स्वादुपिंडाच्या दीर्घकालीन दाहाबद्दल, म्हणजेच क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसबद्दल, आपल्याकडे तीन वाक्ये ठरून गेलेली आहेत. एक, हा दारूचा आजार. दोन, जनुकांची तपासणी करून काय मिळणार, जनुके थोडीच बदलता येतात? तीन, ऑपरेशन अगदी शेवटी, बाकी सगळे करून झाल्यावर. ही वाक्ये नातेवाइकांच्या तोंडी असतात आणि पदव्यांची पाटी लावलेल्या डॉक्टरांच्याही तोंडी असतात. ती इतक्या सहज म्हटली जातात की कोणी पुरावा मागत नाही. तो मागायला हवा. कारण आजार जनुकांतून आलेला असेल, तर ही तिन्ही वाक्ये मिळून एखाद्या मुलाची दहा-पंधरा वर्षे सहज खातात.

अशा मुलाचा प्रवास बहुतेक एकाच वाटेने जातो. दहा-बारा वर्षांचे मूल जेवल्यानंतर पोट धरून बसते, गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकते. कळ बेंबीच्या वरून निघते आणि थेट पाठीत जाते. दोन-तीन दिवसांनी ती थांबते, मूल खेळायला लागते, घरचे विसरतात. पुढच्या खेपेला जंतांचे औषध, त्याच्या पुढच्या खेपेला ॲसिडिटीचे सिरप. परीक्षेच्या आसपास दुखले तर ‘शाळा बुडवायची नाटके’. कधीतरी कोणी तरी रक्तातले अमायलेज आणि लायपेज तपासायला सांगतो, आकडे तिपटीहून वर निघतात आणि मग आईला हळू आवाजात प्रश्न येतो, “याचे वडील घेतात का हो?” रुग्ण पंचविशीचा असेल तर प्रश्न त्यालाच असतो, “खरं सांगा, किती घेता?” तो ‘नाही’ म्हणाला की त्याच्या फाइलवर काही लिहिले जात नाही, पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सगळे लिहिलेले असते.

आता पुरावा पाहू. २००८ मध्ये भारतभरातल्या १,०८६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दारूमुळे झालेला आजार सुमारे ३९ टक्के रुग्णांत होता. सुमारे ६० टक्के रुग्णांत ठरीव कारणांपैकी एकही सापडले नाही. म्हणजे या देशात क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसचा रुग्ण समोर बसला, तर तो दारुडा नसण्याचीच शक्यता जास्त. याचा अर्थ दारू निर्दोष आहे असा नाही. जिथे ती आहे तिथे ती आग भडकवतेच. पण समोरच्या प्रत्येकाला आधी आरोपी करायचे आणि मग तपासायचे, याला निदान म्हणत नाहीत.

लहान मुलांत तर हा आरोप हास्यास्पद ठरतो. अमेरिका आणि इतर देशांतल्या बालरुग्णालयांनी एकत्र येऊन केलेल्या एका अभ्यासात, क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस झालेल्या मुलांपैकी ७३ टक्के मुलांत या आजाराशी निगडित असा किमान एक जनुकीय दोष आढळला. तो अभ्यास २०१६ मध्ये छापून आला.

आजार घराण्यात फिरतो, ही गोष्ट त्याहून कितीतरी जुनी. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या कम्फर्ट आणि स्टाइनबर्ग या दोघांनी एकाच कुटुंबातल्या अनेक जणांना हा दाह झाल्याची नोंद केली. कारण सापडायला पुढे चव्वेचाळीस वर्षे लागली. १९९६ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातले डेव्हिड व्हिटकोम्ब आणि त्यांचे सहकारी यांनी केंटकी राज्यातल्या एका मोठ्या कुळाचे रक्तनमुने तपासून दोष नेमका हुडकला. सातव्या गुणसूत्रावर ट्रिप्सिनोजेन बनवणारे पीआरएसएस-१ नावाचे जनुक आहे. त्यात एका अक्षराचा फरक पडला होता.

एका अक्षराने एवढे काय बिघडते? स्वादुपिंड ट्रिप्सिनोजेन झोपलेल्या अवस्थेत बनवते, ते जागे व्हायचे लहान आतड्यात जाऊन. जागे झालेले ट्रिप्सिन प्रथिने पचवते. ते ग्रंथीतच जागे झाले तर ग्रंथीच पचवू लागेल, म्हणून शरीराने कुकरसारखी दुहेरी सोय केली आहे. पहिली शिटी, दुसरा सेफ्टी व्हॉल्व्ह. शिटीचे काम स्पिंक-१ हे प्रथिन करते, ते भलत्या वेळी जागे झालेल्या ट्रिप्सिनला पकडून ठेवते. तेवढ्याने भागले नाही तर ट्रिप्सिनच्या साखळीत १२२व्या जागी एक आर्जिनिन असते, तिथे ट्रिप्सिन स्वतःलाच कापून निकामी करते. केंटकीच्या कुळात त्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आले होते. व्हॉल्व्ह बंद. हा दोष आई-वडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते आणि ज्यांना मिळतो त्यांतल्या सुमारे ८० टक्के जणांना आजार होतो.

भारतातली गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती नीट न कळल्यामुळेच इथे घोटाळा होतो. १९५९ मध्ये झुइडेमा यांनी इंडोनेशियातल्या कुपोषित रुग्णांत स्वादुपिंडात खडे आणि सोबत मधुमेह असल्याचे लिहिले. पुढे केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी असे शेकडो रुग्ण पाहिले. पोटाच्या साध्या एक्स-रेमध्ये कण्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या खड्यांची माळ दिसायची. केरळात गरिबाच्या ताटात टॅपिओका असतो, म्हणून संशय टॅपिओकाच्या कंदातल्या सायनाइड देणाऱ्या घटकांवर गेला. महाराष्ट्रात उपासाला खाल्ला जाणारा साबुदाणा याच कंदाचा, तेव्हा हा संशय आपल्याही स्वयंपाकघरापर्यंत येतो. पण तो टिकला नाही. टॅपिओका न खाणाऱ्या प्रदेशांतही हा आजार दिसत होता.

२००२ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या गिरिराज चांडक आणि सहकाऱ्यांनी ‘उष्णकटिबंधीय’ म्हटल्या जाणाऱ्या या प्रकारच्या रुग्णांची जनुके तपासली. केंटकीचा पीआरएसएस-१ दोष त्यांत सापडलाच नाही. सापडला तो स्पिंक-१ चा, आणि तोही चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्णांत. निरोगी लोकांत हाच दोष सुमारे दोन टक्क्यांना असतो. म्हणजे भारतीय रुग्णांत बहुधा व्हॉल्व्ह शाबूत असतो, शिटी कमकुवत असते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ‘आमच्या घराण्यात कोणालाच नाही’ हे उत्तर ऐकून आनुवंशिकतेवर फुली मारणारे डॉक्टर केंटकीचे वंशवृक्ष डोळ्यांसमोर ठेवून पुण्या-नाशकातले रुग्ण तपासत असतात. स्पिंक-१ चा एक दोष एकटा सहसा आजार घडवत नाही. त्याला जोडीला दुसरे काही तरी लागते, सीएफटीआर किंवा सीटीआरसी जनुकातला दोष, सिगारेट, दारू, किंवा अजून न कळलेले काही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन दोष एकाच मुलात भेटले, तर दोन्ही घराणी निरोगी असूनही मूल आजारी पडते. नात्यातल्या लग्नांत एकच दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. आजोबांना काही नव्हते, हा या आजाराविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही.

दुसरे वाक्य, ‘तपासून काय मिळणार’, ऐकायला व्यवहारी वाटते. औषध नसलेल्या दोषाचे नाव कळून काय करायचे? पण औषध हा एकच उपयोग धरला तर निम्म्या वैद्यकाला कुलूप लावावे लागेल. निदान नसले की काय होते ते पाहा. पित्ताशयात खडे नसतानाही ‘कदाचित बारीक खडे असतील’ म्हणून पित्ताशय काढले जाते. पित्तनलिकेच्या तोंडावर एंडोस्कोपीने छेद दिला जातो. सोनोग्राफीवर सोनोग्राफी होते. जनुकीय कारण सापडले की ही शोधाशोध थांबते. पीआरएसएस-१ निघाले तर कर्करोगाच्या नजरेने देखरेख कधी सुरू करायची ते ठरते. सीएफटीआर निघाले तर घामातल्या क्लोराइडची तपासणी आणि फुप्फुसांकडे लक्ष. कोणतेही निघाले तरी सिगारेट कायमची बंद, आणि हा सल्ला वीस वर्षांच्या मुलाला उपदेश म्हणून न देता हिशोब म्हणून देता येतो. आनुवंशिक रुग्णांमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग सुमारे वीस वर्षे आधी गाठतो, असे २००१ मध्येच दिसून आले आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीनेही २०२० च्या सूचनांत, कारण स्पष्ट नसेल तर विशेषतः तरुण रुग्णांत जनुकीय तपासणी करावी, असे सांगितले आहे.

या तपासणीचा अतिरेक करणाऱ्यांनाही अडवायला हवे. रुग्णाच्या धडधाकट बहिणीची स्पिंक-१ तपासणी करून घरात भीती पसरवण्यात शहाणपण नाही. तो दोष घेऊन जगणाऱ्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर काहीच होत नाही. तपासणी हवी ती ज्याला झटके येतात त्याची, आणि निकालाचा अर्थ समजावणारा माणूस समोर असताना.

आता तिसरे वाक्य, आणि सर्वांत मोठा वाद. ‘ऑपरेशन शेवटी’ म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही, म्हणून ती आधी पूर्ण मांडली पाहिजे.

त्यांचा पहिला मुद्दा असा, की ग्रंथी जळत जळत संपते आणि मग दुखणे आपोआप थांबते, तेव्हा थांबा. याला आधार आहे. झुरिचच्या अमान यांनी १९८४ मध्ये दाखवले होते की बहुतेक रुग्ण काही वर्षांत वेदनामुक्त होतात. पण त्यांचे रुग्ण मुख्यतः दारूमुळे आजारी पडलेले प्रौढ होते. जर्मनीतल्या लांकिश यांच्या १९९३ च्या पाहणीत दहा वर्षांनंतरही निम्म्याहून अधिक रुग्णांना झटके येतच होते. आणि दहाव्या वर्षी दुखू लागलेल्या मुलाला ‘जळून जाईपर्यंत थांब’ सांगणे म्हणजे शाळा, कॉलेज आणि पहिली नोकरी या आगीत टाकायला सांगणे.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे: स्वादुपिंडाची नलिका ऑपरेशनशिवायही मोकळी करता येते. शरीराबाहेरून शॉक वेव्ह मारून खडे फोडायचे, मग तोंडावाटे एंडोस्कोप घालून चुरा काढायचा, गरज पडली तर नलिकेत स्टेंट ठेवायचा. पोट फाडावे लागत नाही. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने २०१० मध्ये हजाराहून अधिक रुग्णांचा अनुभव मांडला, त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांची नलिका पूर्ण मोकळी झाली. पाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झालेल्यांपैकी साठेक टक्के लोक वेदनामुक्त राहिले. हे काम जागतिक दर्जाचे आहे आणि ते नाकारणारा सर्जन अप्रामाणिक ठरेल.

पण हे आकडे ‘ऑपरेशन शेवटी’ असे म्हणत नाहीत. ते म्हणतात, नलिकेच्या तोंडाशी मोजके खडे असतील, हात कसलेला असेल आणि नलिका खरोखर मोकळी झाली, तर एंडोस्कोपी चांगली. नलिका मोकळी झाली नाही तर काय, याचे उत्तर एंडोस्कोपी करणाऱ्यांच्याच युरोपीय संघटनेने २०१८ मध्ये लिहून ठेवले आहे. सहा ते आठ आठवड्यांत फरक पडला की नाही ते पाहा, पडला नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार करा. आठवडे म्हटले आहे, वर्षे नव्हे. आपल्याकडे दर तीन-चार महिन्यांनी स्टेंट बदलत तीन वर्षे काढलेले रुग्ण सर्जनपुढे येतात, ते या सूचनेमुळे नव्हे, ती बाजूला ठेवल्यामुळे.

समोरासमोर तुलना झाल्या तेव्हा काय दिसले? ॲम्स्टरडॅममध्ये ३९ रुग्णांवर झालेली चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी एंडोस्कोपीच्या गटात ३२ टक्के लोकांना पूर्ण किंवा काही प्रमाणात आराम होता, शस्त्रक्रियेच्या गटात ७५ टक्क्यांना. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. पुढच्या वर्षांत एंडोस्कोपी गटातल्या जवळपास निम्म्या लोकांना शेवटी ऑपरेशन करून घ्यावेच लागले. २०२० मध्ये नेदरलँड्समधल्याच ८८ रुग्णांच्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वेदनेचा गुणांक दीड वर्षांच्या सरासरीत १०० पैकी ३७ निघाला, आधी औषधे आणि एंडोस्कोपी करून पाहिलेल्यांचा ४९.

यावर आक्षेप रास्त आहे, की या चाचण्यांतले बहुतेक रुग्ण प्रौढ होते आणि आनुवंशिक आजाराचे नव्हते. दुसऱ्या चाचणीत ज्यांची नलिका एंडोस्कोपीने पूर्ण मोकळी झाली त्यांना शस्त्रक्रियेइतकाच आराम मिळाला, हेही खरे. पण या आक्षेपाने उलट बाजूच भक्कम होते. दारू सोडता येते, जनुक सोडता येत नाही. ज्याचे स्वादुपिंड आयुष्यभर खडे बनवत राहणार, त्याला स्टेंटच्या फेऱ्यांत अडकवण्याची किंमत पन्नाशीच्या रुग्णापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय वेदना वर्षानुवर्षे चालली की मज्जासंस्थाच तिला सरावते, मग कारण काढून टाकले तरी दुखणे उरते. २०१२ च्या एका डच विश्लेषणात लक्षणे सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत, अफूजन्य गोळ्या लागण्याआधी आणि फारशा एंडोस्कोपी होण्याआधी ज्यांचे ऑपरेशन झाले, त्यांना सर्वांत चांगला आराम मिळाला.

‘ऑपरेशन’ म्हणजे नेमके काय, हेही बहुतेकांना ठाऊक नसते. फ्रे यांची शस्त्रक्रिया घ्या. १९८७ मध्ये तिचे वर्णन छापून आले. जठर वर उचलले की मागे स्वादुपिंड दिसते. निरोगी ग्रंथी मऊ आणि पिवळसर असते, ही पांढरट आणि बोटाला कडक लागते. सर्जन सुईने नलिका शोधतो. दबावाखाली साठलेला स्वच्छ द्रव उसळून आला की जागा सापडली. मग त्या रेषेत ग्रंथी शेपटीपासून डोक्यापर्यंत उघडतात, चिमट्याने खडे वेचतात. डोक्यातला सुजलेला, खड्यांनी भरलेला भाग आतून कोरून काढतात, पित्तनलिका आणि ड्युओडेनम तसेच ठेवून. शेवटी लहान आतड्याची एक वळी वर आणून त्या उघड्या चरावर शिवतात, म्हणजे पाचकरस थेट आतड्यात वाहतो. यात ग्रंथीचा मोठा भाग जागेवरच राहतो, म्हणून ‘ऑपरेशन केलं की मधुमेह होणार’ ही भीती इथे फारशी लागू पडत नाही. मधुमेह देतो तो आजारच. युरोपातल्या आनुवंशिक रुग्णांच्या २००४ च्या नोंदीत पन्नाशीपर्यंत जवळपास निम्म्यांना तो झाला होता.

पण नलिका रुंदच नसेल तर? पीआरएसएस-१ च्या अनेक रुग्णांत ती अरुंद राहते, खोलायला काहीच नसते. तिथे मिनेसोटा विद्यापीठात १९७७ मध्ये सुरू झालेला मार्ग विचारात येतो. संपूर्ण स्वादुपिंड काढायचे, प्रयोगशाळेत कोलाजिनेज नावाच्या एन्झाइमने ते विरघळवायचे, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटे वेगळी करायची आणि त्याच दिवशी ती रुग्णाच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून परत सोडायची. बेटे यकृतात रुजतात आणि तिथून इन्सुलिन देतात. स्वतःच्याच पेशी असल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागत नाहीत. २०१४ मध्ये तिथल्या ७५ मुलांचे निकाल आले. ४१ टक्के मुले इन्सुलिनशिवाय राहू शकली. वयाने लहान आणि आधी नलिका खोलण्याचे ऑपरेशन न झालेल्या मुलांचे निकाल अधिक चांगले होते. उशीर झालेल्या, तंतूंनी भरलेल्या ग्रंथीतून बेटे कमी मिळतात. म्हणजे सर्वांत मोठ्या ऑपरेशनलासुद्धा ‘शेवटी’ हा शब्द मारकच.

इथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही उत्तर दिले पाहिजे, जे म्हणतात की कर्करोग होणारच आहे तर दोष सापडताच स्वादुपिंड काढून टाका. त्यांचा आधार १९९७ चा अभ्यास. त्यात आनुवंशिक रुग्णांना सत्तरीपर्यंत कर्करोगाचा धोका ४० टक्के सांगितला होता, युरोपच्या २००४ च्या नोंदीत ४४ टक्के. पण २०१८ मधल्या अमेरिकी अभ्यासात हाच धोका सुमारे सात टक्के निघाला. एवढी तफावत असताना, केवळ भीतीपोटी निरोगी वाटणाऱ्या माणसाला आयुष्यभराच्या एन्झाइम कॅप्सूल आणि बहुधा इन्सुलिन देणे समर्थनीय नाही. चाळिशीपासून नियमित एमआरआय किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, तेही पीआरएसएस-१ असलेल्यांसाठी, आणि सिगारेटला हात न लावणे, एवढे आजच्या पुराव्यात बसते. संपूर्ण ग्रंथी काढायची ती असह्य दुखण्यासाठी, आणि दुसरा उपाय खरोखर लागू पडत नसेल तेव्हा. बेटे परत रुजवण्याची सोय आपल्याकडे सहज मिळणारी नाही, हेही निर्णय घेताना विसरता येत नाही.

तेव्हा भांडण एंडोस्कोपी आणि सर्जरीचे नाही. ते आहे कॅलेंडर न पाहण्याच्या सवयीशी. मुलाला किंवा तरुणाला दुसऱ्यांदा स्वादुपिंडाचा झटका आला आणि पित्ताचे खडे किंवा दुसरे ठोस कारण सापडले नाही, तर दारूची चौकशी एकदा करून थांबावे आणि जनुकीय तपासणीची चिठ्ठी लिहावी. एंडोस्कोपी ठरली तर ती केव्हा यशस्वी म्हणायची आणि केव्हा थांबवायची, याची तारीख पहिल्याच दिवशी फाइलवर लिहावी. आणि ती फाइल सर्जनने पहिल्याच वर्षी पाहावी, ऑपरेशन करायचे नसले तरी. पालकांनी या तिन्ही गोष्टी विचारायला संकोचू नये. उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, तो त्यांचा हक्क आहे.